व्हिटबीचा छायाचित्रकार : फ्रँक मेडो सटक्लिफ

दरवर्षी वार्षिकांकाची जुळवाजुळव सुरू झाली, की एके सकाळी गावातील छायाचित्रकार आपली सामग्री घेऊन शाळेत येतो. पटांगणात बाके मांडली जातात. बुटकी मुले पुढे, उंच मुले मागे, मध्ये शिक्षकवर्ग अशी रचना होते. कोणी भांग सारखा करतो, कोणी सदऱ्याची गुंडी लावतो आणि क्षणभर सारे पटांगण श्वास रोखून उभे राहते. पुढे अंक हाती आला म्हणजे प्रत्येकजण त्या चित्रात प्रथम स्वतःला शोधतो. ज्याने ते चित्र काढले तो मात्र त्यात कोठेच नसतो, आणि त्याची आठवणही सहसा कोणी काढत नाही.

अशाच एका गावच्या छायाचित्रकाराचे चरित्र आम्ही यंदा विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत. त्याने राज्ये जिंकली नाहीत, की विज्ञानात नवा शोध लावला नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील एका लहानशा बंदरात त्याने सुमारे सेहेचाळीस वर्षे तसबिरी काढण्याचे दुकान चालविले. तरीही त्याच्या गावातील कोळी, कोळिणी आणि त्यांची मुले आज जगभरच्या चित्रसंग्रहांत जाऊन बसली आहेत. त्याचे नाव फ्रँक मेडो सटक्लिफ.

सटक्लिफचा जन्म 6 ऑक्टोबर 1853 रोजी लीड्स शहरानजीक हेडिंग्ले येथे झाला. वडील टॉमस सटक्लिफ हे चित्रकार होते. जलरंगातील निसर्गचित्रे रंगविणे हा त्यांचा आवडता उद्योग. घरात कलेची श्रीमंती होती, पैशाची नव्हती. फ्रँकचे शिक्षण बेताचेच झाले आणि कोवळ्या वयात त्याला लीड्समधील एका मद्याच्या कारखान्यात कारकुनी धरावी लागली. आकड्यांच्या वह्यांत त्याचे मन रमले नाही. त्याच सुमारास छायाचित्रणावरील एक पुस्तक त्याच्या हाती आले आणि त्याला या नव्या विद्येचा नाद लागला. बाप कुंचल्याने जे टिपतो, ते आपण भिंगाने टिपावे, ही ओढ त्याच्या मनात तेव्हापासून रुजली.

1870 च्या सुमारास हे कुटुंब व्हिटबी येथे राहावयास आले. एस्क नावाची नदी येथे दोन कड्यांच्या मधून समुद्राला मिळते. पूर्वेच्या कड्यावर सातव्या शतकात संत हिल्डाने स्थापिलेल्या मठाच्या जागी पुढे उभारलेल्या भव्य मंदिराचे भग्नावशेष आहेत, आणि तेथे चढून जाण्यास 199 पायऱ्या आहेत. पायथ्याशी नदीच्या दोन्ही काठांना चिकटून लाल कौलांची घरे, अरुंद बोळ, वाळत घातलेली जाळी आणि होड्या. जगाची सफर करणारा कॅप्टन कुक याच गावी जहाजावरचे काम शिकला, आणि त्याचे ‘एंडेव्हर’ हे जहाजही येथेच बांधले गेले. फ्रँक या गावी आला तेव्हा मात्र मोठ्या जहाजांचे दिवस मागे पडत चालले होते. गाव जगत होते ते मुख्यतः मासळीवर, जेट नावाच्या काळ्याभोर दगडाच्या दागिन्यांवर आणि रेल्वेने उन्हाळी हवापालटासाठी येणाऱ्या पाहुण्यांवर.

व्हिटबीस येऊन फार दिवस झाले नाहीत तोच, 1871 साली, वडिलांनी इहलोक सोडला. फ्रँक अवघा अठरा वर्षांचा, आणि भावंडांत थोरला. छंद म्हणून हाती घेतलेल्या विद्येकडे पोटाचे साधन म्हणून पाहण्याची वेळ आली. सुदैवाने फ्रान्सिस फ्रिथ या नामांकित छायाचित्र-प्रकाशकाने त्याला यॉर्कशरमधील जुने मठ आणि किल्ले यांची चित्रे काढण्याचे काम दिले. 1873 साली प्रख्यात कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या घरी जाऊन त्यांची छायाचित्रे काढण्याची संधीही त्याला लाभली. विशीच्या आतबाहेर असलेल्या तरुणाला एवढा मान पुरेसा होता. पण मानाने घर चालत नाही, हे त्याला लवकरच कळावयाचे होते.

1875 साली त्याने व्हिटबीच्याच एका चर्मकाराच्या कन्येशी, एलायझा डक हिच्याशी विवाह केला. जोडे शिवणाऱ्याच्या घरची ही मुलगी जन्मभर त्याची सहधर्मचारिणी राहिली. लग्नानंतर सटक्लिफने एक धाडस केले. दक्षिणेकडे केंट परगण्यात टनब्रिज वेल्स नावाचे आरोग्यस्थान होते. तेथील झऱ्यांचे पाणी पिण्यास धनिक लोक येत. श्रीमंत गिऱ्हाईक मिळेल या आशेने त्याने तेथे आपले दुकान थाटले. ते चालले नाही. ज्या गावाची आपल्याला ओळख नाही आणि ज्या गावाला आपली ओळख नाही, तेथे केवळ कौशल्याच्या बळावर बस्तान बसत नाही, हा कटू अनुभव घेऊन वर्षभराच्या आत नवरा-बायको व्हिटबीस परतली.

परत आल्यावर दुकानासाठी जागा मिळाली तीही मोडलेल्या धंद्याची. राणी व्हिक्टोरियाने 1861 साली पतिनिधनानंतर काळे दागिने वापरण्यास आरंभ केला, तेव्हा व्हिटबीच्या जेटला सोन्याचे दिवस आले होते. पुढे ही आवड ओसरू लागली आणि कारखाने एकामागून एक रिकामे पडत गेले. वॉटर्लू यार्ड नामक बोळातील अशाच एका ओस पडलेल्या जेटच्या कारखान्यात 1876 साली सटक्लिफने आपला स्टुडिओ उघडला. एकाचा व्यवसाय जेथे बुडाला तेथे दुसऱ्याने आपला मांडला. अशा जागी पहिले गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्या तरुण जोडप्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना कोणत्याही दुकानदाराला करता येईल.

गिऱ्हाईक आले, पण ते बहुधा परगावचे. उन्हाळा लागला, की पाहुण्यांची रीघ लागे. कोणी सहकुटुंब येई, कोणी नववधूला घेऊन येई. आपण आहोत त्याहून थोडे देखणे, थोडे तरुण आणि थोडे श्रीमंत दिसावे, ही प्रत्येकाची अपेक्षा असे. सटक्लिफ त्यांना बसवी, हनुवटी किंचित वर करावयास सांगे आणि चित्र काढी. हे काम तो प्रामाणिकपणे करी, पण त्यात त्याचा जीव नव्हता. त्यातही गंमत अशी, की चित्रांसाठी उत्तम उजेड जेव्हा बाहेर बंदरावर पडलेला असे, नेमक्या त्याच महिन्यांत त्याला दुकानात अडकून पडावे लागे. उन्हाळा हा त्याच्या मिळकतीचा हंगाम आणि तोच त्याच्या मनाचा दुष्काळ, अशी ही विचित्र स्थिती होती.

पाहुणे निघून गेले, की दुकानात शुकशुकाट होई. अशा वेळी, तसेच दिवसाच्या कामातून सवड काढून, तो लाकडी कॅमेरा आणि तिपाई खांद्यावर घेऊन बंदराकडे जाई. आज खिशातील यंत्राने क्षणात शेकडो चित्रे काढणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या कामातील कष्टांची कल्पना यावी म्हणून येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सटक्लिफच्या उमेदवारीच्या काळात चित्र काचेवर घ्यावे लागे. स्वच्छ काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतून ते सारखे पसरावयाचे, मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. वाळण्यापूर्वी, म्हणजे साधारण दहा मिनिटांच्या आत, पुन्हा अंधारात नेऊन तिच्यावर रासायनिक संस्कार करावयाचे. हे सारे बाहेर करावयाचे म्हणजे काळोखाचा तंबूही बरोबर हवाच. पुढे तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि हा व्याप कमी झाला. तरी कॅमेरा जडच राहिला आणि समोरच्या माणसाला काही काळ निश्चल राहणे भागच होते. अशा यंत्रापुढे माणूस सहज दिसणे जवळजवळ अशक्य. सटक्लिफच्या चित्रांतील माणसे मात्र सहज दिसतात.

याचे इंगित काय असावे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आम्हांस वाटते, ते यंत्रात नसून शेजारात होते. बंदरावरची माणसे त्याच्या परिचयाची होती. पर्यटक येतो, मजेची गोष्ट पाहतो आणि जातो. सटक्लिफ मात्र त्यांच्यातच राहत होता. कोणत्या प्रहरी धुके नदीवरून कसे सरकते, भरती केव्हा येते, होड्या परतण्याच्या वेळी बायका धक्क्यावर कोठे उभ्या राहतात, हे त्याला ठाऊक होते. तो त्यांच्याकडून कसरती करवून घेत नसे. त्यांचे हात ज्या कामात गुंतलेले असत, त्याच कामात ते राहू देई.

ती कामेही सामान्य नव्हती. व्हिटबी आणि आसपासच्या खेड्यांतील कोळी लांब दोरीने मासे धरीत. अशा एका दोरीला शेकडो गळ असत आणि प्रत्येक गळाला आमिष लावावे लागे. ते आमिष गोळा करणे आणि लावणे हे प्रायः बायकामुलांचे काम. ओहोटीच्या वेळी खडकांना घट्ट चिकटलेले शिंपले उचकटून काढण्यासाठी त्या मैलोगणती चालत, ओल्या टोपल्या डोक्यावर घेऊन परत येत आणि मग घरच्या दारात बसून थंडीने बधिरलेल्या बोटांनी एकेका गळाला आमिष लावीत. ओहोटीच्या वेळी वाकून कालवे आणि तिसऱ्या वेचणाऱ्या आपल्याकडील बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना सटक्लिफची ही चित्रे परकी वाटणार नाहीत. पोशाख निराळा, थंडी निराळी. कमरेचा बाक तोच.

या लोकांच्या जीवनात मरण किती जवळ होते, हे एका चित्रावरून ध्यानात येते. 9 फेब्रुवारी 1861 रोजी व्हिटबीच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ झाले. एकामागून एक जहाजे किनाऱ्यावर फेकली जात होती आणि गावचे तेरा कोळी जीवरक्षक नौका घेऊन पुन्हा पुन्हा समुद्रात जात होते. कितीतरी खलाशांना त्यांनी वाचविले. अखेरच्या खेपेस त्यांचीच नौका उलटली आणि तेरांपैकी बारा जण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आप्तांच्या डोळ्यांदेखत बुडाले. एकटा हेन्री फ्रीमन वाचला, कारण बुचाच्या तुकड्यांचे नव्या पद्धतीचे जाकीट एकट्याच्याच अंगावर होते. त्यानंतरही फ्रीमनने हे काम सोडले नाही. पुढे कित्येक वर्षे तो जीवरक्षक नौकेवर जात राहिला. सटक्लिफने या फ्रीमनचे चित्र काढले आहे. तेच बुचाचे जाकीट, दाढीचा भरदार चेहरा आणि रोखलेली नजर. त्या चित्रात ना वादळ आहे, ना लाटा. पण जाकीट घातलेल्या त्या एका माणसाकडे पाहताना न घातलेले बारा जण आठवल्यावाचून राहत नाहीत.

सटक्लिफचे सर्वांत गाजलेले चित्र 1886 सालचे, ‘वॉटर रॅट्स’, म्हणजे पाणउंदीर या नावाचे. बंदराच्या उथळ पाण्यात एका होडीभोवती गावातील पोरे उघड्या अंगाने डुंबत आहेत, मागे धुक्यात घरे आणि डोलकाठ्या पुसट झाल्या आहेत, एवढाच त्याचा विषय. किनाऱ्यावरील कोणत्याही गावात उन्हाळ्याच्या दुपारी दिसावे असे ते निर्मळ दृश्य. परंतु स्थानिक धर्मगुरूंना ते रुचले नाही. असे चित्र लोकांपुढे मांडणे नीतीला बाधक आहे असे ठरवून त्यांनी सटक्लिफला धर्मबाह्य केले. लहान गावात असा बहिष्कार किती जाचक होतो, हे सांगावयास नको. दुकानदाराला तर तो पोटावर पाय आल्यासारखा वाटला असेल. सटक्लिफने गाव सोडले नाही, की बंदरावर जाणेही सोडले नाही. पुढे युवराज एडवर्ड यांनी त्याच चित्राची प्रत विकत घेतली. राजपुत्राच्या पसंतीने चित्र निर्मळ ठरले असे आम्ही म्हणणार नाही. ते आधीही निर्मळच होते. पसंतीने फार तर टीकाकारांची तोंडे बंद झाली असतील.

हळूहळू कीर्ती गावाबाहेर गेली. 1888 साली लंडनच्या कॅमेरा क्लबमध्ये केवळ त्याच्याच चित्रांचे प्रदर्शन भरले. देशोदेशींच्या प्रदर्शनांतून त्याला साठाहून अधिक पदके व सन्मान मिळाले. छायाचित्रण ही केवळ यंत्राची करामत नसून कला आहे असे मानणाऱ्यांनी 1892 साली ‘लिंक्ड रिंग’ नावाचे मंडळ स्थापिले, त्याच्या आरंभीच्या सभासदांत तो होता. 1894 साली त्याने व्हिटबीच्या स्किनर स्ट्रीटवर अधिक चांगल्या जागी दुकान नेले. तथापि, पदके भिंतीवर शोभतात, त्यांनी भाडे भरता येत नाही. इतका लौकिक झाल्यावरही उन्हाळा आला, की सटक्लिफ पाहुण्यांच्या हनुवट्या वर करीत दुकानात उभाच असे. आपण या कामाला जखडले गेलो आहोत, याची खंत त्याला होती. आमच्या मते, या खंतीत त्याच्या चरित्राचे एक मर्म आहे. दुकानाने त्याला दूरदेशी जाऊ दिले नाही. हिमालय, इजिप्त, इटली इकडे जाऊन इतरांनी नामांकित चित्रे आणली. त्याच्या वाट्याला आले ते घरापासून चालत जाता येईल एवढेच जग. तेच त्याने इतक्या वेळा, इतक्या प्रकाशांत आणि इतक्या ऋतूंत पाहिले, की ते इतर कोणालाही दिसले नाही असे दिसू लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोडॅक कंपनीने आपले हातात धरण्याजोगे कॅमेरे त्याला वापरून पाहण्यास दिले. तिपाईचे ओझे गेले. पळती मुले, जत्रेतील गर्दी, वळून पाहणारी बाई, असे निसटते क्षण त्याला टिपता येऊ लागले. पण याच यंत्रांनी त्याच्यासारख्यांच्या धंद्याचे रूपही पालटून टाकले. 1900 साली ब्राउनी नावाचा अत्यंत स्वस्त कॅमेरा निघाला आणि आपली चित्रे आपणच काढण्याची सोय सामान्य माणसालाही झाली. सटक्लिफने नव्याचा दुःस्वास केला नाही. यॉर्कशरच्या एका साप्ताहिकात अनेक वर्षे तो छायाचित्रणावर लिहीत होता आणि हौशी मंडळींना चार गोष्टी सांगत होता.

1922 साली त्याने व्यवसायातून निवृत्ती घेतली. पुढच्याच वर्षी व्हिटबीच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाच्या वस्तुसंग्रहालयाचा तो अभिरक्षक झाला आणि वार्धक्यातही ते काम त्याने सांभाळले. ज्याने जन्मभर गावाचे चेहरे जपले, त्याच्या हाती अखेर गावाच्या वस्तू जपण्याचे काम यावे, हा योग मोठा समर्पक होता. रॉयल फोटोग्राफिक सोसायटीनेही त्याला आपले सन्माननीय सदस्यत्व दिले. 31 मे 1941 रोजी, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन, तो निवर्तला. व्हिटबीजवळच्या एका खेड्यातील दफनभूमीत तो चिरविश्रांती घेत आहे. त्याच्या काचांचा मोठा संग्रह त्याच मंडळापाशी जतन झालेला आहे.

त्याच्या हयातीतच शिडाच्या होड्या गेल्या आणि यंत्राच्या नौका आल्या. हंगामात स्कॉटलंड आणि कॉर्नवॉलकडून येणाऱ्या मासेमारी होड्यांनी गजबजलेले बंदर, गळांना आमिष लावणाऱ्या बायका, धक्क्यावर गप्पा ठोकणारे म्हातारे हे सारे पुढे काळाच्या पडद्याआड गेले. सटक्लिफ नसता तर ते लोक जगले नसते असे नाही. ते जगले होते, हे आपल्याला कळले नसते. आपल्या किनाऱ्यावर साऱ्या गावाने मिळून ओढावयाची रापण आता मोजक्याच ठिकाणी दिसते. ती ओढताना गावकरी कोणत्या तालात पाय टाकीत, दोर कोण धरी, वाटे कोण घाली, हे सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. त्यांचे चेहरे कोणी टिपून ठेवले आहेत काय, हा प्रश्न सटक्लिफची चित्रे पाहताना आम्हांस नेहमी अस्वस्थ करतो.

म्हणून विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. आज कॅमेरा जवळजवळ प्रत्येक घरात आहे आणि तो बहुधा आपल्याच तोंडाकडे वळलेला असतो. सुटीत एखादे दिवशी तो बाहेर वळवा. पहाटे पाव घेऊन येणारा पोदेर, जाळे विणणारे आजोबा, बाजारात मासळी विकणारी मावशी यांच्यापाशी जा. आधी बोला, काम पाहा, परवानगी घ्या आणि मगच चित्र काढा. चित्राच्या मागे नाव, गाव आणि वर्ष लिहावयास विसरू नका. आणि यंदा वर्गाचे चित्र काढावयास आपला गावचा छायाचित्रकार आला, म्हणजे त्याला बसावयास खुर्ची द्या, पाणी विचारा आणि त्याचे नाव विचारून घ्या. यंदाच्या अंकात प्रत्येक वर्गचित्राखाली ते छापावयाचे आम्ही ठरविले आहे.